शून्यावरची इस्त्री

४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही दोघं धडधाकट आहोत. वस्तूंची प्रकृती मात्र विचारू नकोस; या घरात सध्या माणसं सोडून सगळं आजारी आहे.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. फोन उशाशी असताना तू चार पानं लिहिलीस म्हटल्यावर आधी धस्स झालं. मग तिसऱ्या पानावर कारण कळलं. स्मरणशक्तीच्या डॉक्टरीणबाईंनी रोज काहीतरी हाताने लिहायला सांगितलंय, डायरी लिहायची तुला लाज वाटते, म्हणून मला पत्र. बरं केलंस. मीही हातानेच उत्तर देतोय, कारण आमचा प्रिंटर कागद गिळतो आणि वर 'कागद संपला' असा निरोप धाडतो. पोटभर जेवून उठलेल्या पाहुण्याने 'पानं कधी घेताय?' विचारावं, तसला निर्लज्जपणा.

आधी तुझं काम. तुमच्या चिरंजीवांनी स्वयंपाकघरात छताला लावलेला तो धुराचा भोंगा. तू लिहितेस, 'टेस्टर, हे कारटं दिवसभर मधूनच टुक् करतं आणि मी चहा ठेवला की बोंब ठोकतं. मग सगळे माझ्याकडे बघतात.' बघणारच. तुमच्या घरात काहीही वाजलं, करपलं, सांडलं की सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळतात. दोन वर्षांत चांगली सवय लागलीय मानांना. (आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला अजून टेस्टर म्हणतेस! शाळेत खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावून जायचो, तेव्हाचं नाव. ऑफिसात कळलं तर माझं काही खरं नाही.)

त्या डबीचे दोन आजार आहेत, ते वेगवेगळे धर. थांबून थांबून एकेकदा टुक् करणं म्हणजे सेल उतरलाय. सलग बोंब ठोकणं म्हणजे आत धूळ बसलीय किंवा वाफ शिरतेय. स्टुलावर भाच्याला चढव, तू चढू नकोस. डबी डावीकडे फिरवली की सुटून हातात येते. सेल नवा घाल. बाजूच्या जाळीतली धूळ मऊ ब्रशने झटक. फुंकर मारायची नाही, धूळ आणखी आत जाते. आणि ती डबी ओट्यापासून चांगली चार हात लांब लाव. बरोबर शेगडीच्या डोक्यावर धुराचा भोंगा लावणारा माणूस इंजिनीयर आहे आणि माझा भाचा आहे, म्हणून मी इथेच थांबतो.

आता आमच्याकडचं ऐक. कपडे धुण्याचं मशीन गुरुवारी पाण्याने तुडुंब भरून थांबलं आणि काचेवर 'ई चार' अशी अक्षरं उमटली. पुस्तिका काढली. पुस्तिकेची नव्वद पानं. त्यातली ऐंशी पानं 'मशीनवर उभे राहू नका', 'मशीनमध्ये मांजर घालू नका' अशा उपदेशाची. 'ई चार'पुढे काय लिहिलंय? 'सेवा केंद्राशी संपर्क साधा.' साधला. तिथल्या पोरीने विचारलं, "सर, आपण मशीन बंद करून पुन्हा चालू करून पाहिलंत का?" मी म्हटलं, "बाई, मी तीस वर्षं वस्तू उघडतोय." ती म्हणाली, "सर, उघडू नका हं." इतक्या प्रेमाने मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी काही नको म्हटलेलं नाही.

उघडलं. मागच्या पत्र्याला अकरा स्क्रू, त्यातल्या नऊंची डोकी नेहमीची आणि दोनांची तिकोनी. त्या दोघांना लागणारा स्क्रूड्रायव्हर बाजारात मिळत नाही. का? मी आत बघू नये म्हणून. माझ्या घरातली, माझी मळकी बनियनं धुणारी वस्तू, आणि तिच्या पोटात काय आहे हे मला दिसू नये म्हणून कुणीतरी पगार घेऊन तिकोनी स्क्रू शोधून काढलाय! मला शिसारी येते या लोकांची. शेवटी कानशीने जुना स्क्रूड्रायव्हर घासून तिकोनी केला. आत पंपाच्या तोंडाशी एक केसांची पिन, दोन शर्टाची बटणं आणि राखाडी रंगाचा, बुळबुळीत, सात वर्षं जुना लगदा. त्याचा वास लिहून कळवता येत नाही हे तुझं नशीब. ही नाकाला पदर लावून दारात उभी. म्हणाली, "हे सगळं आपल्या अंगावरचंच ना?" मी हो म्हटलं. दुपारी दोघंही जेवलो नाही.

मशीन चालू झालं. पण फेरा संपल्यावर थांबत नाही, गरगरतच राहतं. बघतो.

आणि हो, पत्राच्या अगदी शेवटी, निघता निघता दारात उभं राहून सांगावं तसं तू दोन ओळींत लिहिलंस की ३१ तारखेला औषधांचं दुकान कायमचं सोडतेयस. अठ्ठावीस वर्षं त्या काउंटरमागे उभी राहिलीस. डॉक्टरांची कीटकलिपी वाचत आलीस, त्यांच्या चुका त्यांना फोन करून दाखवत आलीस. आणि आता, 'कुणाला भलतीच गोळी देण्याआधी आपण उठलेलं बरं.' हे वाक्य तुझं नाही, ताई. हे भावोजींचं आहे. त्यांच्या वाक्यांना नेहमी हात पुसलेल्या टॉवेलचा वास येतो. एकदा घराला आग लागली म्हणून माणूस जन्मभराचा विसरभोळा होतो का?

माझं मत विचारलंयस. सविस्तर लिहीन. आत्ता मशीन गरगरतंय, उठतो.

तुझा,
टेस्टर

ता. क. दोन वर्षांपूर्वीचं ते इस्त्रीचं वगैरे आता उगाळत बसू नकोस. झालं ते झालं.

१२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझं उत्तर मिळालं आणि त्याला टाचलेला तक्ताही. मी तुला सेल बदलायला सांगितलं होतं; तू आधी चार दिवस त्या डबीची नाडी बघत बसलीस! दोन टुकांमधलं अंतर, बेचाळीस सेकंद, त्रेचाळीस, पुन्हा बेचाळीस. खिडकी उघडी की बंद. चहा उकळतोय की नाही. शेवटच्या रकान्यात 'हे घरी आहेत / नाहीत'. हे घरी असताना डबी जास्त बोंबलत नाही हे आकड्यांनी सिद्ध केल्याबद्दल तुझं अभिनंदन. मला वाटत होतं दोघं एकमेकांना ओळखून असतील.

पण त्याखाली तू जे लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. पुन्हा उतरवून काढतो, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल: 'सेल बदलला, टुक् थांबलं. पण वर्षभर चालणारा सेल सहा आठवड्यांत का उतरला, हे तू विचारलंच नाहीस, टेस्टर. तुझं नेहमीचंच. वस्तू चालू झाली की तू हात धुऊन मोकळा.' मग तू पुस्तिका वाचलीस, डबी एक दिवस बैठकीच्या टेबलावर ठेवून पाहिलीस आणि शोधून काढलंस की ती डबी भाच्याच्या फोनशी बोलायला दिवसभर हाका मारत बसते, मध्ये भिंत असल्यामुळे तिला उत्तर मिळत नाही, आणि हाका मारून मारूनच तिचा सेल संपतो. बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. मला हे सुचलं नसतं.

आणि हे शोधणाऱ्या बाईला तिचा नवरा रोज सकाळी विचारतो, "गॅस बंद केलास का? नक्की? आठवतंय की वाटतंय?"

जाऊ दे. इकडचं सांगतो.

मशीन थांबेना म्हणून त्याच्या आतली ती सर्किटची पाटी पिशवीत घालून मी सेवा केंद्रात गेलो. जायला नको होतं. काचेची खोली, प्लॅस्टिकचं झाड, त्याच्या पानांवर खरी धूळ. टोकन घेऊन बसायचं. भिंतीवरच्या टीव्हीत एक कुटुंब कपडे धुताना आनंदाने नाचत होतं. आमच्याकडे कपडे धुताना कुणी नाचल्याचं मला आठवत नाही. पाऊण तासाने आत बोलावलं. इस्त्रीचा कडक शर्ट घातलेला मेकॅनिक. नखं स्वच्छ. स्वच्छ नखांच्या मेकॅनिकवर माझा कधीच विश्वास बसत नाही.

"तुम्ही उघडलंय का हे?" त्याने पाटीला हात न लावता विचारलं.

"मग काय ते आपणहून चालत आलं पिशवीत?"

"मग वॉरंटी गेली, काका."

"वॉरंटी पाच वर्षांपूर्वीच संपलीय."

"तरी गेली."

मी म्हटलं, निदान बिघाड काय ते सांग. तो म्हणाला, बिघाड आम्ही शोधत नाही, पाटी बदलतो. ही पाटी आता येत नाही. नवीन मशीन घ्या. मी आवाज चढवला. तुमची कंपनी वस्तू सीलबंद करून विकते, आत बघणाऱ्याला चोर ठरवते, वगैरे वगैरे, माझं नेहमीचं भाषण. खोलीतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. तेव्हा तो शांतपणे उठला आणि मागच्या फळीवरून एक खोली तापवण्याचा हीटर काढून माझ्यापुढे ठेवला. अर्धा कोळसा झालेला.

"हा बघा काका. गरम झाला की आपोआप बंद करणारा एक भाग असतो आत. तो गेला होता. घरच्या डॉक्टरने काय केलं? तो काढला आणि दोन वायरी एकमेकींना जोडून डायरेक्ट केला. हीटर चालू! सगळे खूश. तो भाग का गेला, ते कोण बघणार? मग जळलं की कंपनीला शिव्या. अशी महिन्याला दोन तरी येतात."

मी काय केलं असेल, ओळख. उरलेलं भाषण गिळलं. पाटी पिशवीत घातली आणि घरी आलो. ताई, मी!

आता तुझा तो प्रश्न. डॉक्टरीणबाईंच्या फॉर्मवर रकाना आहे, 'विसरण्याची पहिली मोठी घटना', आणि तिथे तुला इस्त्री लिहायची आहे. तू लिहितेस: 'माझ्या बोटांना अजून आठवतं रे. दारावर घंटा वाजली, मी बटण फिरवलं, ते टक्कन शून्यावर बसलं, इस्त्री उभी ठेवली आणि खाली कुरियर घ्यायला गेले. पण तू इस्त्री नेऊन तपासलीस आणि दोष नाही म्हणून सांगितलंस. म्हणजे माझी बोटंच खोटं बोलतात. एवढं एकदा लिहून दे, ते बटण कुठे होतं? फॉर्मला जोडायचंय. रकाना भरला की राजीनामा द्यायला मन मोकळं.'

तर, बटण प्लॅस्टिकचं. ते वितळून गेलं होतं. ते कुठे होतं हे आता कळणं शक्य नाही. तो रकाना सध्या कोराच ठेव.

राजीनाम्याची घाई करू नकोस. महिना संपायला वेळ आहे.

तुझा,
टेस्टर

१९ मार्च

ताई,

आज नमस्कार मागाहून करतो, पत्र वाचून झाल्यावर तुला तो घ्यावासा वाटला तर घे.

गेलं पत्र मी बंद करत होतो तेव्हा ही शेजारी बसून तुझा तक्ता वाचत होती. म्हणाली, "ताईंना बटणाचं काय कळवलंत?" मी म्हटलं, वितळलं होतं, कळत नाही.

"उघडून बघितली होतीत?"

"हो."

"कधी?"

मी पाकिटाला डिंक लावत राहिलो. ती म्हणाली, "या घरातली एक वस्तू सोडली नाही तुम्ही. रिमोट उघडता, घड्याळ उघडता, माझा नवा फोन चौथ्या दिवशी उघडलात. आणि ती इस्त्री दोन वर्षं माळ्यावर पोत्यात बांधून पडलीय. गाठ मी मारली होती. ती अजून माझीच आहे."

एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. तरीही ते पाकीट मी पेटीत टाकलं. हेही लिहून ठेवतो.

आता पहिल्यापासून सांगतो. यातलं काही तुला माहीत आहे, काही नाही.

आगीच्या पाच महिने आधी तू ती इस्त्री कापडी पिशवीत घालून आमच्याकडे आणलीस. म्हणालीस, "टेस्टर, ही मेली. नवीन घ्यावी असं हे म्हणतायत." मी म्हटलं, "भावोजींना सगळंच नवीन घ्यावंसं वाटतं, तुझ्यावर वेळ येण्याआधी सांभाळ." सगळे हसले. भावोजी पण. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी ती उघडली. आत एक फ्यूज असतो, बोटाच्या पेराएवढा, पांढऱ्या नळीत घातलेला. इस्त्री हाताबाहेर तापली की तो जळतो आणि वीज तोडतो. त्याचं काम एकच, एकदाच मरायचं आणि घर वाचवायचं. तो जळलेला होता. म्हणजे त्याने काम केलं होतं. म्हणजे इस्त्री हाताबाहेर तापली होती. का तापली, हा प्रश्न तिथे त्या वर्तमानपत्रावर पडलेला होता, ताई. शेजारच्या कपबशीइतका ढळढळीत.

रविवार होता. दुकानं बंद. भावोजी घड्याळ बघत होते आणि मला त्यांच्यासमोर दहा मिनिटांत जिंकायचं होतं. मी फ्यूज काढला, तिथे तांब्याच्या तारेचा तुकडा पिळून बसवला, वर नळी चढवली. डायरेक्ट. इस्त्री तापली. भावोजी म्हणाले, "वा, टेस्टर!" तू म्हणालीस, "पण तो लाल दिवा लागत नाही रे." मी म्हटलं, "दिव्याने इस्त्री करणारेस का?" पुन्हा सगळे हसले. त्या दिव्याकडे बघून तुला कळलं असतं की इस्त्री अजून वीज खातेय. तो बसवायला मला आणखी पाच मिनिटं लागली असती.

महिन्याभराने फोनवर तू म्हणालीस, जरा जास्तच तापते रे, पिवळ्या शर्टाला डाग पडला. मी काय म्हणालो, आठवतंय? तुला आठवतच असेल, तुला सगळं आठवतं. "तापायलाच असते ती, ताई. बर्फ हवा असेल तर फ्रीज घे." हे मी पुढे ऑफिसातही दोघांना सांगितलं. चांगला विनोद झाला म्हणून.

आगीच्या दुसऱ्या दिवशी मी आलो. ओलं जळकं कापड, वितळलेलं प्लॅस्टिक, काळं छत. बैठकीत भावोजी डाव्या हाताला पट्ट्या गुंडाळून बसलेले. पडदा ओढताना भाजलेली ती दोन बोटं आजही सरळ होत नाहीत आणि मीठ मागतानाही ते ती आधी दाखवतात. आणि तू. तू सगळ्यांना एकच वाक्य सांगत होतीस, "मी बंद केली होती. मला आठवतंय." भावोजी म्हणाले, "टेस्टर, तू ने ही इस्त्री. तपास आणि एकदा काय ते सांग." सगळ्या घराने माझ्याकडे बघितलं. मी तज्ज्ञ ना.

मी पोतं उचललं तेव्हाच मला माहीत होतं. आत काय सापडेल ते माहीत होतं, म्हणूनच मी ते उघडलं नाही. चार दिवस मध्ये जाऊ दिले, कारण तपासायला चार दिवस लागतात असं वाटायला हवं. मग फोन केला. भावोजींनीच उचलला. मी म्हटलं, "बघितली. इस्त्रीत दोष नाही."

त्या चार शब्दांनी काय काय केलं ते मी दोन वर्षं लांबून बघतोय. आधी तू 'मला आठवतंय' म्हणायचीस, पुढे 'मला वाटतंय' म्हणायला लागलीस. कपाटांवर चिठ्ठ्या लागल्या. छताला भोंगा लागला. भाच्याने तुझ्या स्वयंपाकघरातली बटणं स्वतःच्या फोनला जोडली. मग डॉक्टरीणबाई, मग फॉर्म, मग राजीनामा. आणि मी दर पंधरा दिवसांनी तुला फोन करून कंपन्यांना शिव्या घालत होतो, कशा वस्तू बंद करून विकतात, कुणाला आत बघू देत नाहीत. त्या सेवा केंद्रातल्या स्वच्छ नखांच्या माणसाचा मला राग आला होता. आता नाही येत. मशीनच्या पंपातून तो लगदा काढताना मला जी किळस आली होती, ती आता पत्राचा हा कागद धरलेल्या हाताची येते.

शनिवारी दुपारी पोतं खाली आणलं. गाठ हिनेच सोडली. मग जेवणाच्या त्याच टेबलावर, वर्तमानपत्र पसरून, इस्त्री उघडली. अडीच तास लागले, सगळं एकमेकांत वितळून बसलंय.

मी गेल्या पत्रात लिहिलं की बटण कुठे होतं हे कळणं शक्य नाही. ते खोटं होतं, आणि लिहितानाही मला ते खोटं आहे हे माहीत होतं. बटण प्लॅस्टिकचं असतं, पण बटणाखाली एक लोखंडी दांडी असते. ती वितळत नाही. जिथे फिरवून सोडली तिथेच ती राहते, आणि तिच्या एका अंगाला चपटी बाजू असते, त्यावरून ती कुठे आहे हे आंधळ्यालाही बोटाने सांगता येतं.

ती शून्यावर आहे.

बटण शून्यावर नेलं की आतल्या दोन पट्ट्या एकमेकींपासून सुटायला हव्यात आणि वीज तुटायला हवी. त्या सुटल्या नाहीत. त्यांची टोकं वितळून एकमेकींना चिकटली आहेत, एक झाली आहेत. पूर्वी त्या अधूनमधून चिकटत असणार, म्हणून फ्यूज जळला, म्हणून पिवळ्या शर्टाला डाग पडला. त्या दिवशी त्या कायमच्या चिकटल्या. तू बटण फिरवलंस, ते टक्कन शून्यावर बसलं, आणि इस्त्री तापतच राहिली. तिला थांबवणारा एकच भाग होता, तो मी काढून टाकला होता.

पत्रासोबत एक खोका आहे. त्यात तो भाग आहे, दांडी आणि चिकटलेल्या पट्ट्यांसकट, कापसात गुंडाळलेला. माझा छोटा मीटर आहे. तांब्याच्या तारेचा तो तुकडाही आहे. माझ्या हाताचा पीळ तुला ओळखू येईल. माझ्या शब्दावर विसंबू नकोस, त्याचा अनुभव तुला आहे. स्वतः बघ. मीटरची गोल कळ घंटेच्या चित्रावर आण. दोन सुया एकमेकींना टेकव, मीटर वाजेल. वीज जायला वाट आहे असा त्याचा अर्थ. आता एक सुई एका पट्टीच्या मुळाशी, दुसरी दुसऱ्या पट्टीच्या मुळाशी लाव. दांडी शून्यावर आहे, म्हणजे मीटर गप्प राहायला हवा. तो वाजेल. भोंग्यासारखाच तक्ता कर. दहा वेळा कर. भावोजींसमोर कर, भाच्यासमोर कर, डॉक्टरीणबाईंसमोर कर.

खोक्यात वेगळं एक पान आहे, तुमच्या दुकानाच्या मालकीणबाईंसाठी. त्यात मी काय केलं आणि काय खोटं सांगितलं ते माझ्या सहीनिशी लिहिलंय. पाठवायचं की फाडायचं ते तू ठरव. राजीनामा द्यायचा की नाही तेही तूच ठरव. त्यावर माझं मत तू विचारलं होतंस, पण मत देण्याचा माझा अधिकार मी त्या फ्यूजबरोबरच काढून टाकलाय. फॉर्मचा तो रकाना मात्र आता कोरा ठेवू नकोस. त्यात लिही, 'घटना घडली नाही.'

भावोजींना मी पत्र लिहिणार नाही. त्यांच्या दोन बोटांसमोर बसून तोंडानेच सांगायला हवं. रविवारी सकाळी दहा वाजता येतोय. ही पण येते म्हणाली; मी पळून जाऊ नये म्हणून येते असं तिचं म्हणणं आहे. दार उघडायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी खाली थांबेन, हातात स्क्रूड्रायव्हर नसेल.

गेले आठ दिवस मला एकच गोष्ट सारखी दिसते. तू दारात उभी आहेस, सगळं घर तुझ्याविरुद्ध एका बाजूला आहे, आणि तू म्हणतेस, "मी बंद केली होती." त्या खोलीत ते खरं आहे हे दोघांनाच माहीत होतं. तुझ्या बोटांना आणि मला.

ताई, तू बंद केली होतीस.

साष्टांग नमस्कार,

तुझा धाकटा भाऊ,
ज्याने दोन वर्षांनी पोतं उघडलं